कार्ड काढलं, पण कुठून?

लातूरच्या गंजगोलाईत काय किंवा चाकूरच्या बसस्थानकासमोर काय, जुना फोन विकायला आलेल्या गिऱ्हाइकाला मोबाइलवाला आधी मागचं कव्हर काढायला लावतो. रबरी कव्हर आणि फोन यांच्या फटीतून बहुतेक वेळा पन्नासाची एखादी नोट निघते आणि एक डेबिट कार्ड निघतं. कडा झिजलेल्या, नावातली दोन अक्षरं पुसलेली, कधीकधी मागच्या पांढऱ्या पट्टीवर बॉलपेननं चार आकडेही लिहिलेले. कार्ड खिशात जातं. मग दुकानदार विचारतो, "मामा, फोन पे काढलं का ह्यातलं?" मामा म्हणतात, "काढलं की." काढलं म्हणजे अ‍ॅपच्या चित्रावर बोट दाबून धरलं, 'अनइन्स्टॉल' अशी अक्षरं आली, ती दाबली. चित्र गेलं. बँकेचं खातं मात्र त्या अ‍ॅपच्या दप्तरी जोडलेलंच आहे, यूपीआय आयडी जिवंत आहे आणि नातवानं गेमसाठी कधीतरी गुगल खात्यात भरलेला कार्डाचा नंबरही जागच्या जागी आहे.

पैशाचं साधन फोनमध्ये घालणं आज पोरखेळ झालंय, ते बाहेर काढणं अजूनही जाणत्याचं काम आहे. ही तफावत आपोआप पडलेली नाही. आत घेताना बँक, अ‍ॅप, कॅशबॅक, टीव्हीवरच्या जाहिराती, दुकानोदुकानी कोड चिकटवत फिरणारी पोरं असं सगळं वऱ्हाड सोबत असतं. बाहेर पडताना माणूस एकटा असतो. बाहेरची वाट शोधण्याचं हे काम खातेदाराच्या हुशारीवर सोडणं चूक आहे. ती वाट बँकेनं बांधून दिली पाहिजे, आणि ती शाखेच्या खिडकीतून जायला हवी, कारण ज्याला तिची सर्वांत जास्त गरज पडते त्याच्या हातात त्या क्षणी फोन नसतो.

आधी कार्ड फोनमध्ये असतं म्हणजे काय असतं ते पाहू. अ‍ॅपल पे ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत आलं आणि त्यानंतर जगभर रुळलेली पद्धत अशी की, कार्डावरचे सोळा आकडे फोनमध्ये राहतच नाहीत. त्यांच्या बदल्यात फोनला एक वेगळा क्रमांक मिळतो, त्याला टोकन म्हणतात. हे टोकन त्या एका फोनपुरतं चालतं. दुकानातल्या यंत्राला किंवा मध्येच डोकावणाऱ्या चोराला खरे आकडे दिसत नाहीत. व्यवस्था म्हणून ती प्लास्टिकच्या कार्डापेक्षा सुरक्षित आहे, यात वाद नाही. लंडनमध्ये नोकरी करणारा लातूरकर तरुण भुयारी रेल्वेच्या फाटकाला फोन टेकवतो तेव्हा हे टोकन पुढं जातं. त्याचा आयफोन कुणी हिसकावला, तर तो दुसऱ्या कुठल्याही यंत्रावरून 'फाइंड माय' उघडून फोन हरवल्याची नोंद करतो आणि फोनमधली कार्डं थांबतात. खिशातलं कार्ड चालू राहतं, कारण थांबलं ते फक्त टोकन.

गल्लत होते ती इथंच. फोनमधून कार्ड काढलं की आपण कार्ड बंद केलं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात एकच कार्ड निदान चार ठिकाणी राहतं. फोनमधलं टोकन हे एक. गुगल किंवा अ‍ॅपलच्या खात्यात जपलेली नोंद दुसरी. खरेदीच्या, तिकिटांच्या, सिनेमाच्या अ‍ॅपकडे ठेवलेली टोकनं हे तिसरं ठिकाण. आणि दर महिन्याला आपोआप पैसे कापून घ्यायला दिलेली परवानगी चौथी. एका ठिकाणाहून काढलं याची खबर बाकीच्या तिघांना असेलच असं नाही. गुगल वॉलेटमधून कार्ड काढलं तरी तेच कार्ड गुगल खात्यात पैसे भरण्याचा मार्ग म्हणून शिल्लक राहू शकतं. अ‍ॅपलचा खाक्या आणखी वेगळा आहे. वर्गणी चालू असेल, रक्कम थकलेली असेल किंवा कुटुंबासाठी सामायिक खरेदी चालू असेल, तर पैसे भरण्याचा शेवटचा मार्ग काढता येईलच असं नाही. आधी दुसरं कार्ड दाखवा, मग हे न्या.

म्हणजे काढण्याचं बटण आहे, पण ते नेमकं काय काढतं हे बटणावर लिहिलेलं नाही.

आपल्याकडं फोन टेकवून पैसे देण्याची ही रीत फारशी रुजली नाही. सॅमसंग पे मार्च २०१७ मध्ये भारतात आलं. गुगल वॉलेट मे २०२४ मध्ये आलं तेव्हा त्यात बोर्डिंग पास, सिनेमाची तिकिटं, दुकानांची लॉयल्टी कार्डं ठेवायची सोय होती, पैसे द्यायची नव्हती. ती जागा यूपीआयनं आधीच घेतलेली होती. पण भारतानं कार्ड काढण्याच्या बाबतीत एक असा प्रयोग केला आहे, ज्याची दखल इथल्या चर्चेत फारशी घेतली जात नाही. दुकानदारांनी आणि अ‍ॅपवाल्यांनी ग्राहकांच्या कार्डांचे आकडे स्वतःकडे ठेवू नयेत, असं रिझर्व्ह बँकेनं ठरवलं. कंपन्यांनी कुरकुर केली, मुदत पुन्हा पुन्हा वाढली, आणि अखेर १ ऑक्टोबर २०२२ पासून ते लागू झालं. जपून ठेवलेले आकडे पुसून टाकावे लागले, त्यांच्या जागी टोकन आलं. देशातल्या कोट्यवधी कार्डांचे आकडे अशा रीतीनं निघाले आणि त्यासाठी एकाही कार्डधारकाला कुठल्याही सेटिंगमध्ये शिरावं लागलं नाही. नियामकानं मनावर घेतलं तर साफसफाई वरूनही होते, याचा यापेक्षा मोठा पुरावा नको.

याच व्यवस्थेच्या ७ सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकात आणखी एक तरतूद आहे. कार्डधारकाचं टोकन कोणकोणत्या व्यापाऱ्याकडं आहे त्याची यादी बँकेनं त्याला दाखवली पाहिजे, आणि त्यातलं हवं ते रद्द करण्याची सोय दिली पाहिजे. ही सोय मोबाइल अ‍ॅप, इंटरनेट बँकिंग, फोनवरची स्वयंचलित सेवा किंवा शाखा यांपैकी 'एक किंवा अधिक' मार्गांनी द्यायची आहे. सगळी मेख 'एक किंवा अधिक' मध्ये आहे. बँकेनं अ‍ॅपमध्ये कुठंतरी पाचव्या पडद्याखाली ती यादी ठेवली की नियम पाळला गेला. चाकूरच्या शाखेत येऊन कुणी विचारलं, "साहेब, माझं कार्ड कुठं कुठं जोडलंय ते सांगा," तर साहेबांनी अ‍ॅपकडं बोट दाखवलं तरी ते नियमातच बसतं.

आता यूपीआयकडं. एप्रिल २०१६ मध्ये ते जाहीर झालं, आणि ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्यावर दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. चाकूर तालुक्यात त्याचा अर्थ काय, ते दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनचा हंगाम चालू असताना कळतं. आडतीवरच्या मालाची मोठी पट्टी खात्यावर किंवा धनादेशानं होते, पण हमाली, टेम्पोचं भाडं, दुपारचा चहा-वडा, पेट्रोल, मुलाच्या लातूरच्या क्लासचा हप्ता हे सगळं 'फोन पे मारून' होतं. अ‍ॅप कुठलंही असो, क्रियापद हेच.

या व्यवस्थेत कार्ड दिसत नाही, पण दाराची किल्ली तेच आहे. यूपीआय सुरू करताना डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष टाकावं लागतं, मग ओटीपी येतो आणि पिन ठरतो. पिन विसरला तर पुन्हा तेच. काही बँका सोबत एटीएमचा पिनही मागतात, आणि आता आधारच्या ओटीपीनंही पिन ठरवता येतो. हे लक्षात घेतलं की कव्हरमधलं ते झिजलेलं कार्ड वेगळं दिसायला लागतं. फोन, त्यातलं सिम आणि मागं खोचलेलं कार्ड, तिन्ही एकाच वेळी हरवतात. स्क्रीनला कुलूप नसेल आणि बँक एटीएमचा पिन मागत नसेल, तर सापडणाऱ्याला जुना पिन माहीत असण्याची गरजच उरत नाही, तो नवा ठरवू शकतो. टोकनमागचा सगळा कल्पक विचार इथं कव्हरच्या फटीत वाया जातो. ग्रामीण भागात फोनमधलं कार्ड काढायचं म्हणजे सर्वांत आधी हे कार्ड काढायचं, आणि त्यासाठी कुठल्याही अ‍ॅपची गरज नाही.

अ‍ॅप पुसून टाकल्यानं यूपीआय बंद होत नाही, हे पुन्हा सांगायला हवं. आधी अ‍ॅपच्या आत जाऊन बँकेचं खातं काढावं लागतं, मग आयडी किंवा अ‍ॅपवरची नोंदणी रद्द करावी लागते, मग अ‍ॅप पुसायचं. एका खात्याला तीन अ‍ॅप जोडलेली असतील तर हे तीनदा. खात्याचा यूपीआय पिन सगळ्या अ‍ॅपना एकच असतो, आयडी मात्र प्रत्येकाची वेगळी. त्यात यूपीआय लाइट चालू असेल तर काही रक्कम थेट फोनमध्येच ठेवलेली असते आणि छोटे व्यवहार पिनशिवाय होतात. फोन बदलण्यापूर्वी लाइट बंद करून ती रक्कम खात्यात परत घ्यावी लागते, नव्या फोनमध्ये ती आपोआप चालत येत नाही. फोन साफ करून विकून टाकल्यावर ते दोन-चारशे रुपये आठवणारे बरेच भेटतील.

नंबराचा प्रश्न याहून अवघड आहे. बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर जातो तो नंबर कुणाचा? आईचं खातं, सिम मुलाच्या नावावर, फोन सुनेच्या हातात, असं कितीतरी घरांतलं चित्र असतं. जुलै २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा दोन सिम बाळगणाऱ्यांनी एकाचं रिचार्ज सोडून दिलं. रिचार्ज नसलेला, न वापरलेला नंबर ठरावीक काळानंतर बंद होतो, पुढं किमान ९० दिवस थांबून तो दुसऱ्या माणसाला दिला जातो. बँकेच्या दप्तरी तोच जुना नंबर असतो. नव्या मालकाच्या फोनवर नळेगावच्या कुणा अनोळखी शेतकऱ्याच्या खात्याचे मेसेज यायला लागतात. दूरसंचार खात्याकडं अशा बंद नंबरांची यादी असते. ती तपासून बँका आणि यूपीआय अ‍ॅपनी आपली दप्तरं आठवड्यातून किमान एकदा दुरुस्त करावीत, असा आदेश राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळानं, म्हणजे एनपीसीआयनं, १ एप्रिल २०२५ पासून लागू केला. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये, वर्षभर वापर नसलेल्या यूपीआय आयडी निष्क्रिय करायलाही सांगितलं होतं. दोन्ही निर्णय योग्य दिशेचे आहेत, आणि दोन्हींत एक समान गोष्ट आहे. माणसानं काही करण्याची वाट न पाहता व्यवस्थेनं स्वतः काढून टाकायचं.

ज्यांच्याकडं स्मार्टफोनच नाही त्यांना हा सगळा खटाटोप लागू नाही, असं वाटेल. त्यांचं पाकीट अंगठ्यात आहे. गावातल्या बँक मित्राकडं, छोट्या यंत्रावर अंगठा ठेवून, आधार क्रमांकानं खात्यातले पैसे निघतात. वडवळ नागनाथसारख्या गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा चाकूरला जायचा हेलपाटा त्यानं वाचतो, हे मोठंच काम आहे. पण अंगठ्याची नक्कल करून पैसे काढल्याचे गुन्हे देशभर नोंदले गेले आहेत, आणि कार्ड बदलता येतं तसा अंगठा बदलता येत नाही. उपाय आहे तो असा की आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करायचे. ते करायचं कुठं? आधारच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर, नाहीतर आधार सेवा केंद्र गाठून. म्हणजे ज्या बाईकडं स्मार्टफोन नाही म्हणून ती अंगठा वापरते, तिनं अंगठा वाचवण्यासाठी स्मार्टफोन शोधायचा, नाहीतर केंद्राचा हेलपाटा घालायचा!

माझी लाडकी बहीण योजनेचे पैसे ऑगस्ट २०२४ मध्ये पहिल्यांदा जमा झाले, तेव्हा महाराष्ट्रभर अनेक बायकांना एक गोष्ट नव्यानं कळली. अर्जात लिहिलेल्या खात्यात पैसे आलेच नव्हते, आधारशी शेवटचं जोडलेलं जे खातं होतं त्यात गेले होते. कधीतरी कुणी शिबिर घेऊन काढून दिलेलं, पासबुक हरवलेलं, नावही न आठवणारं खातं. जोडणी झाली होती, तिची पावती नव्हती, आणि ती तोडायला बँकेच्या खिडकीशी रांगा लागल्या. जोडलेल्या गोष्टींची यादी माणसाच्या हातात नसली की काय होतं, हे समजावून सांगायला यानंतर कुठलंही काल्पनिक उदाहरण लागू नये.

घरातला कर्ता माणूस गेल्यावर तर हे सगळं एकदम अंगावर येतं. कार्ड कपाटात असतं, पिन मुलाला ठाऊक असतो, फोन चालू असतो. तेराव्याच्या खर्चाला पैसे लागतात आणि वडिलांच्या फोनवरून व्यवहार होत राहतात. कुणाला यात चोरी वाटत नाही, आणि भावना म्हणून ते समजण्यासारखंही आहे. कायद्यानं मात्र खातेदार गेला की त्याच्या नावानं केलेला असा व्यवहार बसत नाही, आणि भावाभावांत पुढं तंटा झाला तर पहिला कागद बँक स्टेटमेंटचाच निघतो. मग लोक हे का करतात? सरळ वाट लांबची होती म्हणून. मृत खातेदाराचे दावे आवश्यक कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाली काढावेत, असे निर्देश रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये दिले. बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमण्याची सोय १ नोव्हेंबर २०२५ पासून झाली. सरळ वाट आखूड केली की वाकडी वाट ओस पडते. पण खातं गोठलं तरी गेलेल्या माणसाच्या नावावरचं ओटीटी, त्याच्या गुगल खात्यातलं कार्ड, त्याच्या वॉलेटमधली रक्कम यांची एकत्र यादी वारसाला कुणीच देत नाही.

पैशाचं साधन वापरातून काढणं इथं नवं नाही, चलन मागं घेण्याचा मराठवाड्याचा अनुभव जुना आहे. निजामाचं हाली चलन १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरही काही वर्षं भारतीय रुपयाच्या, म्हणजे लोकांच्या भाषेत कलदारच्या, जोडीनं चालत होतं. सात हाली म्हणजे सहा कलदार हा भाव ठरलेला होता. पुढं हाली बाद झालं. अलीकडं १९ मे २०२३ ला दोन हजारांची नोट मागं घेण्याचं जाहीर झालं, ती बँकेत बदलून घ्यायला मुदत मिळाली आणि ती वाढलीही. नोटबंदीच्या रांगा कुणी विसरलेलं नाही, पण त्या रांगेच्या टोकाला निदान एक खिडकी होती आणि खिडकीत माणूस होता. डिजिटल पैशाच्या वेळी तशी खिडकी नव्हती. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर कारवाई केली. १५ मार्चनंतर तिथल्या खात्यांत आणि वॉलेटमध्ये पैसे भरणं बंद झालं, असलेले वापरून संपवायची मुभा राहिली. दुकानदारांचे कोड नि आयडी दुसऱ्या बँकांकडं वळवण्यात आले. गावोगावचे दुकानदार तेव्हा आपल्या भिंतीवरच्या निळ्या कोडकडं पाहत, पैसे येतात की नाही एवढंच एकमेकांना विचारत होते. पेमेंट बँक नावाची गोष्ट वेगळी आणि अ‍ॅप वेगळं, हे त्यांना त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

जोडणी तोडायची वाट शाखेतून द्यावी, या मागणीवर बँकवाल्यांचे आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. तालुक्याच्या शाखेत चार-पाच माणसं, त्यात पीककर्ज, अनुदानं, केवायसी, पासबुकची रांग. त्यात 'माझी जोडणी तोडा' म्हणणाऱ्यांची आणखी एक रांग कशाला? शिवाय तोडणं सोपं केलं की गैरवापरही होईल. भांडलेला भाऊ दुसऱ्या भावाचं यूपीआय बंद पाडेल, भामटा खातेदार असल्याचं सोंग करून आधी त्याची सगळी साधनं बंद करेल आणि मग त्याला फोन करून 'चालू करून देतो, ओटीपी सांगा' म्हणेल. गैरवापराच्या या धोक्यात तथ्य आहे.

पण दोन्ही बाजूंचं नुकसान सारखं नाही. चुकून बंद झालेलं साधन उद्या पुन्हा सुरू होतं, दिवसभराची गैरसोय होते. चुकून उघडं राहिलेल्या साधनातून खातं रिकामं होतं आणि ते पैसे परत येण्याची खात्री नसते. म्हणून उघडताना ओळख कडक तपासावी आणि बंद करताना ती सैल ठेवावी, हेच शहाणपणाचं. आज नेमकं उलटं आहे. उघडायला एक ओटीपी पुरतो, आणि बंद करायला कस्टमर केअरवर 'नऊ दाबा' करत बसावं लागतं. कामाच्या बोजाचं म्हणाल, तर क्रेडिट कार्डाच्या बाबतीत हाच बोजा बँकांनी उचललाच आहे. थकबाकी नसेल तर बंद करण्याच्या अर्जावर सात कामकाजाच्या दिवसांत अंमल, नाहीतर रोज ५०० रुपये दंड ग्राहकाला, हा नियम जुलै २०२२ पासून आहे. हाच दंडाचा नियम बाकीच्या जोडण्यांना लावायला हरकत कसली?

कायदाही याच बाजूनं झुकलेला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि त्याची मुख्य कलमं टप्प्याटप्प्यानं लागू व्हायची आहेत. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागं घेणंही सोपं असलं पाहिजे, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ग्राहकांना वर्गणीच्या जाळ्यात अडकवून ठेवणारी अ‍ॅपची मांडणी ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या रचनांच्या यादीत घातली आहे. एका अ‍ॅपवर दिलेले ऑटोपे, म्हणजे आपोआप कपातीच्या परवानग्या, दुसऱ्या अ‍ॅपवरूनही दिसावेत, अशी व्यवस्था २०२५ मध्ये एनपीसीआयनं आणली. तुकडे सगळे तयार आहेत. ते एका कागदावर आणणं राहिलंय.

तो कागद कसा असावा? वर खातेदाराचं नाव. खाली कार्डाची टोकनं कुणाकुणाकडं आहेत, कोणत्या अ‍ॅपमध्ये यूपीआय जोडलेलं आहे, कोणते ऑटोपे चालू आहेत, आधारशी कोणतं खातं जोडलेलं आहे, ओटीपी कोणत्या नंबरवर जातो. प्रत्येक ओळीपुढं एक चौकट, खूण केली की त्या दिवशी ती जोडणी बंद. मराठीत छापलेला, पासबुकासारखा खिडकीतून मिळणारा, सही किंवा अंगठ्यावर चालणारा. यातली बरीच माहिती बँकेकडं आजही आहे, उरलेली एनपीसीआय आणि कार्ड नेटवर्क कंपन्यांकडं. रिझर्व्ह बँकेला फार मोठं काही करायचं नाही. २०२१ च्या परिपत्रकातले 'एक किंवा अधिक' हे शब्द बदलून तिथं 'शाखेसह' असं लिहायचं आणि तोच नियम यूपीआय, ऑटोपे, आधार जोडणीला लावायचा. सुरुवात मराठवाड्यातून करायला काय हरकत आहे? महाराष्ट्र ग्रामीण बँकेच्या आणि जिल्हा बँकेच्या शाखा इथं खेड्यापाड्यांत आहेत, आणि लोकांना त्यांच्या पायऱ्या माहीत आहेत.

तोपर्यंत काय करायचं, हेही सांगून टाकू. फोन विकण्यापूर्वी किंवा घरातल्या धाकट्याला देण्यापूर्वी यूपीआय लाइट बंद करा, प्रत्येक अ‍ॅपच्या आत जाऊन बँक खातं काढा, गुगल खात्यातलं कार्ड पुसा, मग फोन फॅक्टरी रिसेट करा. कार्ड कव्हरमध्ये ठेवू नका. फोन हरवला तर बँकेला कळवा आणि सिम बंद करून घ्या, फोन दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी'वर नोंदवून ब्लॉक करा, पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. आणि शाखेत जाऊन लेखी अर्ज द्याच. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेला नियम ग्रामीण बँकांनाही लागू आहे. आपल्या शाखेत तक्रार नोंदवण्याचा मार्ग खुला ठेवणं त्यानुसार बँकेवर बंधनकारक आहे, आणि खातेदाराच्या निष्काळजीपणानं नुकसान झालं असलं तरी, बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेनं सोसायचं आहे. कधी कळवलं, हे अर्जाच्या पोचवरच्या तारखेनं आणि वेळेनं ठरतं. ती पोच शिक्का मारून घ्या आणि पासबुकात ठेवा.